लाल पट्टी

दुपारी ऑफिसातला सर्व्हर पुन्हा झोपला. त्याची देखभाल करणाऱ्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर कंटाळून त्याच्यासमोर बसला.

त्या सर्व्हरची एक खोड होती. झोपण्याआधी तो आपल्यात बिघाड असल्याचं सांगायचा. उठला की मात्र शेवटच्या नोंदी वाचून सगळं जागच्या जागी लावायचा आणि त्या भरात बिघाडाची खूणच पुसून टाकायचा. मग पडद्यावर साळसूदपणे यायचं, ‘सगळं ठीक.’

म्हणून डॉक्टर त्याच्या पेटीवर लाल चिकटपट्टी लावायचा. सर्व्हर विसरला तरी माणसांनी विसरू नये.

आजही लावली. घरी आला तेव्हा अंग आंबून गेलं होतं. जरा आडवा झाला आणि डोळा लागला.

उठून तोंड धुताना आरशात दिसलं, कानामागे लाल पट्टी चिकटली होती. कामावरच चिकटली असणार. त्यानं टोक उचकटलं. खाली जुन्या गोंदाचे थरावर थर होते.

“अगं, हे काय लागलंय मला?”

“राहू द्या ते,” बायको दारातून म्हणाली. तिचा आवाज दमलेला होता. “तुम्हीच लावायला सांगितलंत.”

“मी? कधी?”

“झोपण्याआधी. दर वेळी सांगता. आणि दर वेळी उठून हेच विचारता.”

तिनं जवळ येऊन उचकटलेलं टोक अंगठ्यानं दाबून बसवलं.

डॉक्टरला हसू आलं. “मला काय झालंय?” तो म्हणाला. “सगळं ठीक.”