सोललेलं टरफल

थर्माकोलच्या खोक्यात बल्बच्या उबेला ठेवलेल्या एका अंड्याला भोक पडून चोच दिसू लागली. "आई, सोलायला जाऊ नका. ते आपलं आपण येतं," असं बजावून केतकी शाळेत शिकवायला गेली.

चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या इंदुमतीबाईंना सुनेनं हे शिकवावं? दोन तास झाले तरी चोच तिथंच. जीव गुदमरेल म्हणून त्यांनी नखानं टरफल सोललं. आतल्या पापुद्र्यातून रक्त आलं आणि पिल्लानं त्यांच्या बोटांवरच मान टाकली.

ते त्यांनी टरफलासकट परसात पुरलं. दुपारी केतकी आली. "अंडंच खराब होतं गं," त्या म्हणाल्या.

केतकी खोक्याशी बसून रडू लागली. "माझंच चुकलं. खोक्यात ओलाव्यासाठी ठेवलेली पाण्याची वाटी सकाळी भरली नाही मी."

इंदुमतीबाईंना ते ऐकवेना. "पाणी नाही गं, मी सोललं. वर खोटंही बोलले."

केतकी उठून आत गेली.

संध्याकाळी दुसऱ्या अंड्यातून पिल्लू बाहेर आलं. सुकल्यावर केतकीनं ते उचलून सासूपुढे धरलं. इंदुमतीबाईंनी हात पदराआड लपवले.

"घ्या ना, आई."

त्यांना वर बघवेना. बऱ्याच वेळानं त्यांनी ओंजळ पुढे केली.