इस्त्रीचा प्लग

"इस्त्री बंद केली का रे?" मास्तरांनी विचारलं. शिलाईच्या दुकानात त्यांच्या हातातली सुई चालूच होती.

त्यांच्या धाकट्या मुलाने काज करायला घेतलेला शर्ट बाजूला ठेवला, उठला, पडद्यामागच्या खोलीत जाऊन पाहून आला. "बंद आहे. प्लग काढलाय."

मास्तरांनी समाधानाने मान हलवली. सकाळपासूनची ही सातवी वेळ, आणि मोजत होती ती त्याची मोठी बहीण, ताई. तिचा जीव मेटाकुटीला आला होता. धाकट्याला मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याचा कंटाळा कधी ठाऊकच नव्हता. चाळिशी आली तरी त्याचं शटर नऊला म्हणजे नऊलाच वर जायचं. बटणांच्या बरण्यांचा क्रम कुणी बदलला, तर तो सगळं काम सोडून आधी बरण्या लावायचा.

ताई बाकावर वडिलांची बॅग भरत होती. सोमवारी त्यांना वृद्धांच्या केंद्रात न्यायचं ठरलं होतं. म्हणजे तिने ठरवलं होतं.

"तिथे नर्स असते," ती म्हणाली. "चोवीस तास लक्ष असतं."

"इथे मी असतो," धाकटा म्हणाला.

"असतोस रे. पण त्यांना आठवत नाही आणि तुला कळत नाही. तुम्हा दोघांना इथे ठेवून मला माझ्या घरी झोप लागत नाही."

"मला कळतं," तो म्हणाला, आणि सुईत दोरा ओवला.

ताई वाईट नव्हती. गेल्या महिन्यात मास्तर दोन गल्ल्या पलीकडे रस्ता चुकून बसले होते. तेव्हापासून फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. आणि इथे तर कात्र्या, सुया, इस्त्री. सगळा धंदाच धोक्याचा.

बॅगेत घालताना वडिलांचा पांढरा शर्ट तिने उलगडून पाहिला. पार चुरगळलेला. आयुष्यभर लोकांना टापटीप कपडे शिवून देणारा माणूस नव्या जागी असा जाणार? ती तो घेऊन इस्त्री करायला पडद्यामागे गेली. दोन्ही बाह्या झाल्या, शर्ट पालथा केला, तोच फोन वाजला. आत आवाज नीट येईना. तिने इस्त्री उभी केली आणि बाहेर पायरीवर आली.

परतली तेव्हा तिचा चेहरा हलका झाला होता. "खाट मिळाली. सोमवारी दहाला गाडी येईल." पर्समधून अर्ज काढून तिने धाकट्यासमोर ठेवला. "इथे सही कर. घरातल्या आणखी एका माणसाची लागते."

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "या, बसा ना बाई. मापाचा कपडा आणलाय की माप घ्यायचंय?"

"बाबा, मी आहे."

"हो, हो," ते म्हणाले. नाव न आठवणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाशी बोलावं, तितक्याच अदबीने. ताईने मान फिरवली. तिला रडू येत होतं आणि रागही, आणि राग कुणावर काढावा तेच कळत नव्हतं.

"इस्त्री बंद केली का रे?" मास्तरांनी विचारलं.

तिचा धीर सुटला. "आहे हो बंद! किती वेळा तेच तेच?" धाकट्याने पेन खाली ठेवलं होतं. "तू बस. आत्ताच तर पाहून आलास. आधी सही कर."

धाकटा उठला. पडदा सारून आत गेला.

या वेळी तो लगेच आला नाही. आधी पडद्यामागून करपल्याचा वास आला, मग त्याचा आवाज. रोजचाच, ना चढा ना उतरता. "चालू आहे. प्लग काढला."

ताई आत धावली. इस्त्री धाकट्याने उचलून तिच्या लोखंडी स्टँडवर ठेवली होती. टेबलावरच्या शर्टाच्या पाठीवर तिचा तपकिरी ठसा उमटला होता. खालच्या पांघरुणातून बारीक धूर निघत होता आणि धाकटा त्यावर पाण्याचा फवारा मारत होता.

"ही तुझ्या घरच्या इस्त्रीसारखी उभी राहत नाही," तो म्हणाला. "जड आहे. पडते. स्टँडवर ठेवायची."

शिंप्याच्या मुलीला हे सांगावं लागलं. पण त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता; टोमणा त्याला कधी जमलाच नाही. ताईने भिंतीला टेकून डोळ्यांना पदर लावला. "मी विसरले रे," ती म्हणाली.

तिने शर्ट बाहेर आणला. मास्तरांनी तो हातात घेतला, उजेडात धरला, जळक्या जागेवरून अंगठा फिरवला.

"कुणाचा हा?"

"तुमचाच, बाबा."

"मग रडता कशाला? पाठ उसवून नवी लावू." त्यांनी खडू शोधायला खिशात हात घातला. तो खिशातच होता.

ताईने त्या हातांकडे पाहिलं. मग अर्जाची घडी पर्समध्ये गेली. पायरीवर उभं राहून तिने केंद्राला फोन लावला. "सोमवारी गाडी पाठवू नका. नाही, नंतरचं मीच कळवीन." निर्णय बरोबर की चूक, तिला ठाऊक नव्हतं.

चपला घालून ती दोन पावलं गेली आणि थांबली. पुन्हा दारात आली.

"ऐक ना," ती धाकट्याला म्हणाली. "इस्त्री बंद आहे ना?"

धाकट्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, उठला आणि पाहायला आत गेला.