धरतीमायची धार

पोंभुर्ण्याच्या जंगलात कोळशातला वायू शोधायला बोअर मारणं चाललं होतं. बोअरच्या तोंडाशी बसवलेलं नवं यंत्र त्या वायूचा वास लागला की आपोआप भोंगा वाजवायचं. पण मनसाराम मिस्त्री रोज सकाळी कामाआधी तिथेच मोहाच्या दारूची धार धरतीमायला वाहायचा, आणि दारूच्या वाफेनंही ते बोंबलायचं. सगळे हसायचे. त्या सकाळी इंजिन धडधडत होतं. मनसाराम बाटली घेऊन वाकला, तोच भोंगा वाजला. "धरतीमायले चढली, भाऊ!" इंजिनवाला बिडीसाठी काडेपेटी काढत हसला. मनसारामही हसला, आणि हातातल्या बाटलीकडे बघून थिजला. "इंजिन बंद कर! काडी ओढू नको! बूच अजून काढलोच नाई मी!" धडधड थांबली. बोअरमधलं पाणी खदखदताना ऐकू आलं. दुपारनंतर वायू ओसरला. मनसारामने धार वाहिली. भोंगा ओरडला. सगळ्यांनी आधी बाटलीकडे पाहिलं. हसले ते नंतर.