दुसऱ्या व्हायोलिनची वही

बस्त्याव वारल्याला महिना झाला, त्या रविवारी त्याची बायको त्याची स्वरलिपीची वही घेऊन इनासकडे आली. "भावजी, तुमच्याकडेच असू द्या."

तीस वर्षं दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की दोघे ओट्यावर बसून हौशी वादकांसाठी लिहिलेल्या जुन्या युरोपीय रचना, बरोक सोनाटा, वाजवत. पहिलं व्हायोलिन इनासचं, दुसरं बस्त्यावचं. "तुझी लय पळते, सांभाळ," असं इनास त्याला दर वेळी सुनवायचा. बस्त्याव नुसता हसायचा.

वहीत जागोजागी पेन्सिलीने लिहिलं होतं, "इथे इनास पळतो. सोबत पळायचं."

इनासने चष्मा पुसला, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि आपला भाग वाजवायला घेतला. तशा पहिल्याच जागेशी येताच तो सवयीने पळाला.

सोबत पळायला कोणी नव्हतं.