सुदाम्याची गाडी चुकली

जरा पुढे सरकून बसा, कान इकडे द्या. अकरा वर्षं द्वारकेच्या दारात ताटकळलेला सुदामा शेवटी आत कसा गेला, ते सांगायचंय.

पाचला दोन मिनिटं कमी होती. पावस गावच्या देवळात कीर्तन करता करता गुरुप्रसादबुवांनी सुदाम्याला महाद्वाराशी आणलं, त्याला पोह्यांची पुरचुंडी काखेत दडवायला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दर वर्षी ते नेमकं इथेच पाहायचे. देवळाचा वर्धापनदिन जूनच्या सुरुवातीला, कीर्तन दुपारी तीनला आणि बुवांची पनवेलची थेट गाडी रत्नागिरीहून सव्वासहाला. ती चुकली की पुढे गाड्या बदलत, उभ्यानं जायचं. म्हणून बुवा म्हणायचे, "राहिलेलं आख्यान पुढल्या वर्षी," आणि आरती लागायची. पुढल्या वर्षी आख्यान पुन्हा पहिल्यापासून.

गावही मोठं समजूतदार. बुवांनी घड्याळ पाहिलं रे पाहिलं, की एक जण पिशवी उचली, दुसरा छत्री शोधी, तिसरा म्हणे, निघा बुवा, गाडी चुकेल. विठू रिक्षा चालू करूनच बसलेला असे. पनवेलच्या घरी बुवांची वाट पाहणारं कुणी नव्हतं. पण गावाची घाई अशी, जणू तिथं कुणी पान वाढून बसलंय.

यमुनाबाईंना मात्र यंदा 'पुढल्या वर्षी' चालणार नव्हतं. वय एकोणऐंशी. देवळाशेजारच्या घराला आठवड्यात कुलूप लागणार होतं आणि लेक ईशा त्यांना कायमची बदलापूरला नेणार होती. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती. सुदामा आत गेलेला पाहायचा. कथा पाठ होती हो, अगदी परकरात असल्यापासून. पण कथा पाठ असणं वेगळं आणि कीर्तनात डोळ्यांसमोर घडणं वेगळं. ज्यानं कीर्तन ऐकलंय, त्याला हे सांगावं लागत नाही.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी विठूनं यमुनाबाईंकडे स्टेशनावरची बातमी आणली. पावसाळी वेळापत्रक यंदा लवकर लागलं होतं. पावसात कोकणातल्या गाड्या जपून, हळू चालवतात, म्हणून दक्षिणेतून लवकर सोडतात. बुवांची गाडी आता साडेचारलाच रत्नागिरी सोडणार होती. बुवांकडे साधा बटणांचा फोन, त्यांना कुठून कळणार? कीर्तन लवकर सुरू करायला सांगूया, असं विठूचं म्हणणं.

यमुनाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक घावन टाकलं.

"विठू, तू सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही."

मग देवासमोर जाऊन त्यांनी हात जोडले. कृष्णाला म्हणाल्या, तू लोणी चोरलंस ते लहान होतास म्हणून, मी गाडी चोरतेय ती म्हातारी झाले म्हणून. एकमेकांचं सांभाळून घेऊ.

तर पाच वाजले. पिशवी उचलली गेली. छत्री सापडली. बुवा उपरणं सावरत दाराशी आले, तर यमुनाबाई उंबरठा अडवून बसलेल्या.

"बुवा, तुमची गाडी अर्ध्या तासापूर्वी गेली. मला ठाऊक होतं, मुद्दाम सांगितलं नाही. आता बसा."

ज्यानं पिशवी उचलली होती त्यानं ती हळूच खाली ठेवली. यमुनाबाईंची मान ताठ होती. बुवांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी उपरणं पुन्हा कमरेला बांधलं आणि झांज उचलली.

"मग आता दारात उभं राहून काय करायचं? आतच जाऊ."

आणि कृष्ण सिंहासन सोडून अनवाणी धावला. सुदाम्याचे पाय धुतले गेले. काखेतले पोहे ओढून निघाले. पुरुषमाणसंसुद्धा उपरण्यात तोंड लपवू लागली. यमुनाबाई रडल्या नाहीत. त्या टक लावून पाहत होत्या, एकही शब्द सांडू नये म्हणून.

बुवा त्या रात्री त्यांच्याकडे जेवले आणि ओटीवर निजले. दुसऱ्या दिवशी दुपारी विठू त्यांना स्टेशनावर घेऊन गेला. वाटेत त्याला अपराधी वाटायला लागलं. आयत्या वेळी थेट गाडीचं तिकीट कुठून मिळायचं? बुवांनी खिशातून घडी काढून त्याच्या हातात दिली. तिकीट कालचं नव्हतं, आजच्याच तारखेचं होतं. गाडीची वेळ साडेचार. काढलं होतं महिन्यापूर्वी.

विठूनं रिक्षा बाजूला घेतली. "मग बुवा, काल पाचला उठलात कशाला?"

"अकरा वर्षं उठतोय रे. 'बसा' म्हणणारं माणूस काल भेटलं."

यमुनाबाई आता बदलापूरला असतात. तुमच्या घरी कुणी गाडीसाठी उठलं, तर आधी त्यांची आठवण काढा. पिशवी मग उचला.