बोट पाचला सुटते

“बोट पाचला सुटते. माणसं भरेपर्यंत थांबायला ती काही कुळगावची शेअर रिक्षा नाही,” मालिनी म्हणाली.

शशिकांतरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंबरनाथच्या शिवमंदिरापुढे उभे राहून ते मोबाइलवर फोटो काढत होते.

तीन दिवसांपूर्वी घराला कुलूप लावून दोघं गोव्याला गेली आणि तिथून क्रूझवर चढली; आज सकाळी ती एका दिवसापुरती मुंबई बंदराला लागली होती. संध्याकाळी ती लक्षद्वीपला निघणार होती. बाकीचे प्रवासी बोटीच्या एसी बसमधून गेटवे आणि म्युझियम बघायला गेले. शशिकांतरावांनी मात्र डेस्कवरच्या मुलीला ऐटीत सांगितलं, “वी आर इंडिपेंडंट.” मग बेस्टची बस, सीएसएमटीहून गाडी आणि अंबरनाथला शेअर रिक्षा. “इतकी वर्षं शेजारच्या गावात राहून हे मंदिर आपण नीट पाहिलंच नाही,” असं म्हणत त्यांनी बायकोला इथवर आणलं.

मंदिर सुंदर होतं. पण मालिनीचं लक्ष कोरीवकामाकडे नव्हतं. नवऱ्याच्या खिशात खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा तिला बंदरापासून ऐकू येत होता. देऊळ बघायला घराच्या किल्ल्या लागत नाहीत, हे कळायला ती काही कुक्कुलं बाळ नव्हती.

“झालं बघून?” तिने विचारलं.

“झालं. आता आलोच आहोत तर बदलापूरला घरावर एक नजर टाकून येऊ. एकच तर स्टेशन पुढे. गॅस बंद केला होता का, मला आठवतच नाही.”

“मी केला होता.”

“आणि बाल्कनीचं दार?”

“तेही.”

“तरी पण, एकदा डोळ्यांनी बघितलं की...”

मालिनीचं डोकं फिरलं. “अहो, बंदरावर परत पोचायला दोन तास लागतात! जन्मात पहिल्यांदा कुठे निघालेय मी. तेसुद्धा तुम्हाला बघवत नाही?”

नारळ विकणारी बाई वळून बघायला लागली.

“लोक बघताहेत,” शशिकांतराव पुटपुटले.

“बघू देत की!”

हा राग काही आजचा नव्हता. बदलापूरच्या कुळगावातलं ते घर मालिनीच्या वडिलांनी तिच्या नावावर घेऊन दिलेलं. शशिकांतरावांनी ते तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवल्या. घराला कुलूप लावून मुक्कामाला जायचं नाही, हा त्यांचा कायदा. भाचीचं लग्न असो की बहिणीचं बाळंतपण, मालिनी सकाळी जायची आणि दिवेलागणीला परत यायची.

आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला, तेव्हा दोघं कल्याणच्या एसटी स्टँडवर पोचली होती. साताऱ्याची गाडी समोर लागलेली. तेवढ्यात यांना शंका आली, कुलूप ओढून बघितलं होतं का? हे तिला घेऊन उलटे फिरले. कुलूप नीट लागलेलं होतं. दुसऱ्या गाडीने मालिनी गावी पोचली, तेव्हा मंडळी स्मशानातून परत येऊन आंघोळी करत होती. ते तिने कधीच माफ केलं नाही.

आणि आता ही सहल. पुण्याच्या समीरने आईबापांना तिकिटं काढून दिली, असं शशिकांतराव सोसायटीभर सांगून आले होते. फुकट मिळतंय म्हटल्यावर कायदा जरा सैल झाला होता. निघताना मालिनीने लग्नात माहेराहून आणलेली अन्नपूर्णा आणि आईचा फोटो पर्समध्ये ठेवला, तेव्हा ते हसले होते. “बोटीवर देव कशाला? आठवड्यात घरीच यायचंय.” तिने पर्सची चेन ओढून घेतली होती.

अंबरनाथ स्टेशनच्या जिन्याशी ती थांबली. “तुम्ही जा. मी इथेच बसते.”

“इथे एकटी बसणार? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“मग सरळ सीएसएमटीची गाडी पकडू. अहो, ऐका माझं. हात जोडते.”

“बोट गेली तर गेली!” शशिकांतराव खेकसले. “घर मोठं की बोट?”

मालिनीने त्यांच्याकडे नीट बघितलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

“चला तर मग. पण कुलूप तुम्हीच उघडायचं.”

“नेहमी मीच तर उघडतो,” ते खूश होऊन म्हणाले.

बदलापूरला उतरून रिक्षाने दोघं कुळगावात आली. जिन्यात कुणी भेटलं नाही. शशिकांतराव जुडगा काढतच दुसऱ्या मजल्यावर चढले आणि दारापुढे थबकले.

त्यांचं पितळी कुलूप दिसत नव्हतं. त्या जागी दाराला नवं कोरं लॅच बसवलं होतं. त्यांनी एकेक किल्ली घालून पाहिली, एकही आत जाईना. मग त्यांनी वर बघितलं. नावाची पाटी नव्हती. भिंतीत नुसती खिळ्यांची भोकं.

“मालिनी, घर लुटलं! पोलिसांना फोन लाव!” ते दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. “लाव ना फोन! बघत काय उभी राहिलीस?”

मालिनीने फोन काढला नाही. पर्स पोटाशी धरून ती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

दार उघडलं. आत एक तरुण बाई उभी होती. हात कणकेने भरलेले.

“कोण तू? माझ्या घरात काय करतेस?” शशिकांतराव ओरडले.

बाई घाबरून मागे सरली. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि तिचा जीव भांड्यात पडला.

“अय्या, काकू तुम्ही! इतक्यात परत? घर विकल्याचं काकांना लक्षद्वीपला पोचल्यावर सांगणार होतात ना?”