सतरातला एक

"ओ बाई, गाडीला हात नाही लावायचा!" कुणीतरी ओरडलं.

नॅडीननं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दोरीखालून वाकून ती आत शिरली आणि त्या निळ्या मस्टँगच्या छतावर अंगठा ठेवून तिनं सगळा जोर लावला. साठी उलटलेल्या बाईचा जोर तो केवढा! पण पारखायला तेवढा पुरेसा होता. पत्रा जराही दबला नाही.

"बघितलंस?" ती मुलीला म्हणाली. "जाड आहे. मी काय सांगत होते?"

"आई, लोक बघतायत," लॉर्ना पुटपुटली.

"बघू देत. त्यासाठीच आलेय मी."

विस्कॉन्सिनच्या त्या शर्यतीच्या मैदानावर दर उन्हाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळा भरे. यंदाचा मान या गाडीचा होता. दारावर पांढरा सतरा, एकोणसत्तर सालच्या शेवटच्या शर्यतीची विजेती. झाडाखाली खुर्चीत बसून लोकांच्या टोप्यांवर सह्या करणारा म्हातारा म्हणजे तिचा तेव्हाचा चालक, वर्न हॅगस्ट्रम. त्याच शर्यतीत, त्याच संघाच्या दुसऱ्या गाडीत नॅडीनचा नवरा रॉयस मेला होता. त्याच्या नावाची साधी पाटीसुद्धा कुणी लावलेली नव्हती.

संघाच्या दोन्ही मस्टँग दिसायला जुळ्या होत्या. पण मालकानं एकीचा सांगाडा तेजाबात बुडवून तिचा पत्रा पातळ करून घेतला होता. हलकी झालेली ती गाडी सुसाट पळायची, पण उलटली तर छत टिकणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती नियमात बसत नव्हती, म्हणून तपासणीला जाड गाडीच दोनदा जायची. एकदा सतरा नंबरानं, आणि मग पुढचा एक पुसून सात नंबरानं. आकडे बुटाच्या पांढऱ्या पॉलिशनं काढायची तेव्हा रीतच होती. ते काम नॅडीनचं. ओल्या फडक्यानं एक पुसायचा, पुन्हा काढायचा, की झालं. तपासनिसाच्या नजरेत येईल अशी दुसरी कुठलीही खूण गाड्यांवर ठेवायची नाही, असा मालकाचा दंडक होता. छताला बोट लावायलाही बंदी, कारण पातळ पत्र्यावर खळगा पडायचा. कुठली गाडी कुठली, हे संघातली माणसंही आकड्यावरूनच ओळखत.

सात नंबरची पातळ गाडी रॉयसची. सतरा नंबरची जाड गाडी वर्नची.

त्या मोसमाच्या शेवटच्या शर्यतीला नॅडीन गरोदर होती. सकाळी सगळे नाश्त्याला गेलेले असताना ती एकटी गाड्यांपाशी गेली. सतरातला एक तिनं पुसला आणि दुसऱ्या गाडीवरच्या साताला एक जोडला. दोघे पुरुष एकाच बांध्याचे, एकमेकांचे बूटही घालायचे. हेल्मेट चढवून जो तो आपापल्या आकड्याच्या गाडीत बसणार, म्हणजे जाड गाडी रॉयसला मिळणार. वर्नचं काय होईल, हा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही. आला आणि तिनं तो बाजूला सारला.

शर्यतीत सात नंबर सगळ्यांच्या पुढे होता. टायर फुटलं, गाडी उलटली आणि छत सीटपर्यंत खाली आलं. ते छत पाहिलं आणि नॅडीन समजून चुकली. आकडे कुणीतरी परत फिरवले होते. आणि धडधाकट जिंकून आला होता तो वर्न.

तेव्हापासून तिनं त्याला खुनी म्हटलं. चर्चमध्ये म्हटलं, वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं, त्याच्या दारात उभं राहूनही म्हटलं. वर्न कधी उलटून बोलला नाही. पुढे त्यानं लग्न केलं, त्या बायकोनं त्याला एकदा खरं काय ते विचारलं, तरी तो गप्पच राहिला, तेव्हा तीही निघून गेली. लॉर्ना याच रागावर वाढली. त्या सकाळी आपण काय केलं, हे मात्र नॅडीननं फक्त तिलाच सांगितलं होतं.

आता ती तरातरा खुर्चीपाशी गेली.

"कर, कर सह्या! मेलेल्याच्या जिवावर मिरवायला लाज कशी वाटत नाही रे तुला?"

वर्ननं मान वर केली. "बस, नॅडीन."

"बसायला नाही आले. छत जाड आहे, आता अंगठ्यानं बघून आलेय. गाड्यांचे आकडे तू बदललेस की नाही, एवढंच सांग."

"बदलले," वर्न म्हणाला.

नॅडीनला इतक्या वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. "ऐकलंस, लॉर्ना? ऐकलंस ना?"

लॉर्नाचे डोळे भरून आले होते. "का केलंत तुम्ही असं?"

वर्ननं पेनाला टोपण लावलं. "कधी सांगणार नव्हतो. पण तूच विचारतेयस, तर ऐक. तुझ्यापायी केलं, पोरी. आदल्या संध्याकाळी तुझा बाप माझ्याकडे आला. पोर येतंय, आता त्या डबड्यात बसायची भीती वाटते, म्हणाला. मी काय, सडाफटिंग. म्हटलं, माझी जाड गाडी घे तू. तपासणी झालीच होती. अंधार पडल्यावर माझ्या सतरातला एक पुसला आणि त्याच्या साताला लावला. बायकोला सांगू नकोस, लाज वाटते, म्हणाला. शब्द दिला होता मी."

"मग बाबा पातळ गाडीत कसे?"

"तेच तर कळलं नाही. शर्यतीला बसलो, दार ओढलं, तर आवाज भरीव आला, जाड पत्र्याचा. बाजूला पाहिलं. रॉयस माझ्याकडेच बघत होता. तेवढ्यात झेंडा पडला. मला आपलं वाटत आलं, मानी माणूस, त्यानंच सकाळी परत बदलले असणार. पण ते त्यानं केलं नसेल, तर मीच शब्द फिरवला असं वाटलं असेल त्याला, देव जाणे."

नॅडीनचा अंगठा अजून लाल होता.

"आई," लॉर्ना हळूच म्हणाली, "त्या सकाळी आकडे बदलण्याआधी तू छत दाबून बघितलं होतंस ना?"